दादाची रायफल, धाकटीचा नेम

पन्नाशी उलटली तरी नेमबाजीच्या क्लबात तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरला होता तिचा भाऊ. पेशाने घड्याळजी, आणि क्लबातला एके काळचा पहिल्या नंबरचा नेमबाज. त्याचं बोट धरून ती तिथे आली ती कायमची धाकटी झाली. नवरा गेल्यावर ती दादाकडेच राहायला आली, तेव्हापासून तर घरातही तेच नाव.

स्पर्धेच्या सकाळी ती उठली ती थकलेलीच. इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर उभं राहून ओल्या चादरी गरम रुळांत सरकवायच्या, पलीकडून निघाल्या की घड्या घालायच्या. इतक्या वर्षांत उजवा खांदा कामातून गेला होता. झोपून उठलं तरी थकवा काही अंगावरून उतरत नसे, पाहुण्यासारखा आला आणि घरचाच होऊन बसला.

दादा केव्हाचा तयार होऊन खुर्चीत बसला होता. मांडीवर रायफलची पेटी, आणि शर्टाची बटणं एका घराने चुकलेली. तिने पाहिलं, पण बोलली नाही. बोलली असती तर शिंप्याने शर्टच वाकडा शिवलाय हे ऐकावं लागलं असतं.

त्याचे डोळे गेली दोन वर्षं अधू होत चालले होते. कडेचं दिसायचं, नेमकं मधलं दिसायचं नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे तिला ठाऊक होतं. दादाला मात्र कबूल नव्हतं. आताच्या दिव्यांत दम नाही, वर्तमानपत्रवाले शाई वाचवतात, दुकान बंद केलं ते लोक घड्याळं घालत नाहीत म्हणून. दाराबाहेरच्या पायरीला रोज ठेचकाळायचा आणि गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तिने हात पुढे केला की तो झिडकारून टाकायचा.

ती रायफल खरं तर क्लबाची होती. क्लबाचा नियम असा, की चांगल्या नेमबाजाला रायफल घरी नेऊ द्यायची, पण वर्षातून एकदा त्याने किंवा त्याच्या घरच्या कुणी स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून दाखवायचे. नाही जमलं तर रायफल परत कपाटात, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला. दादाकडे ती ऐन तारुण्यापासून होती. रोज रात्री तेलाचा बोळा घेऊन तो तिची नळी पुसायचा. हल्ली हाताला दुसरं काम उरलं नव्हतं, आणि ते एक काम गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, हा प्रश्न धाकटीला पडायचा. म्हणून यंदा त्याच्या जागी ती उतरणार होती.

दादाने रायफल द्यायचं कबूल केलं, पण अट घातली. मागच्या चकतीला हात लावायचा नाही. रायफलच्या मागच्या बाजूला एक छोटी चकती असते, तिच्या बारीक भोकातून नेम धरायचा. बाजूचा स्क्रू फिरवला की चकती केसभर सरकते आणि ज्याच्या त्याच्या डोळ्याला बसते. कुणी दुसऱ्याची रायफल घेतली की पहिला तो स्क्रूच फिरवतो.

"माझी चकती बसलेली आहे," दादा म्हणाला होता. "ती हलवायची नाही. शब्द दे."

तिने शब्द दिला. सरावालाही त्याने पेटी उघडू दिली नाही. सराव तिने क्लबाच्या चार हातांत फिरणाऱ्या जुन्या रायफलवरच केला, आणि गुण हवे तेवढे पडत होते. काळजीचं कारण नव्हतं.

क्लबात पहिली फेरी संपत आली होती. धाकटीला दुसऱ्या फेरीत उतरायचं होतं, कारण जॅकेट बेकरीवाल्याचं होतं आणि तो पहिल्या फेरीत होता. बेकरीवाला आडवा माणूस. घामाने ओलं झालेलं ते जाड जॅकेट तिच्या अंगात घातलं तेव्हा आत आणखी एक धाकटी मावली असती. हातमोजा चिटणीसांच्या सुनेचा, पट्टा कुणाचा तरी. अंगावरचं सगळं उसनं, अवसानासकट. दादा मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याला सांगत होता की बहिणीचा हात त्यानेच घडवलाय.

ती चटईवर पालथी पडली. खांद्याने लगेच तक्रार केली. लांबवर पांढऱ्या कागदावर काळं वर्तुळ, खालचा मातीचा बांध, आणि नुकत्याच उडालेल्या बंदुकीच्या दारूचा जळका वास. खरं सांगायचं तर तिला तिथेच, तशीच, झोप लागली असती.

आधी चाचणीच्या गोळ्या असतात, त्या मोजत नाहीत. तिने त्या नीट श्वास धरून मारल्या आणि दुर्बिणीतून पाहिलं. गोळ्यांचा झुबका सुरेख बसला होता, एकाला एक चिकटून. फक्त तो मध्यावर नव्हता. उजवीकडे, चांगला लांब.

बेकरीवाला मागून वाकला. स्पर्धा सुरू व्हायच्या आत बोलायला मुभा होती. "झुबका झकास आहे," तो म्हणाला. "हात तुमचा ठीक आहे. चकती फिरवा डावीकडे, बास."

तिचं बोट स्क्रूपर्यंत गेलं आणि थांबलं. शब्द दिला होता हे एक झालं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला बेकरीवाल्याचं पटलंच नाही. दादाची चकती चुकेल कशी? ज्या माणसाने जन्मभर केसाएवढे स्क्रू बसवले, त्याची? लहानपणी गोळी बाहेर गेली आणि तिने बंदुकीला बोल लावला की दादा एकच म्हण ऐकवायचा, नाचता येईना अंगण वाकडं. ती म्हण तिच्या हाडात मुरली होती. चुकत असेल तर आपलंच. जॅकेट ढगळ आहे, कोपर सरकलंय, खांदा तर गेलेलाच आहे. घरी काही बिघडलं की तिला आधी असंच वाटायचं, धुलाईखान्यातही.

म्हणून तिने चकती सोडली आणि स्वतःला हलवलं. कोपर आत घेतलं, कंबर वळवली, गाल लाकडावर वेगळा टेकवला. मग मोजायच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिली जरा मध्याकडे सरकली, तिला बरं वाटलं. मग वाकडं पडलेलं शरीर थरथरायला लागलं. झुबका फुटला. एक गोळी वर, एक खाली, एक पार कडेला. ती दर गोळीला स्वतःत नवी चूक शोधत होती आणि दर वेळी सापडतही होती, कारण शोधणाऱ्याला काय, मिळतातच. शेवटच्या गोळ्या मारताना हातातलं बळच सरलं होतं.

गुण थोडक्यात हुकले. फार नाही, पण हुकले ते हुकले. चिटणीस भला माणूस होता. तो दादाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला की नियम सगळ्यांना सारखा, त्याचा नाइलाज आहे. दादाने मान हलवली. पेटी पुढे केली, पण हात तिच्यावरून लगेच निघाला नाही.

रायफल परत घेताना क्लबाचा मिस्त्री ती टेबलावर ठेवतो आणि चकती पुन्हा शून्यावर आणतो, म्हणजे पुढच्याला कोरी मिळावी. धाकटी आणि दादा टेबलापाशी उभे होते. मिस्त्रीने स्क्रू धरला आणि फिरवायला सुरुवात केली. दर खाचेला त्याचा आवाज होतो, कट्. सहसा दोनचार होतात आणि काम संपतं.

कट्, कट्, कट्. मिस्त्री फिरवतच राहिला. खोलीतल्या गप्पा विरल्या. कट्, कट्. मिस्त्रीने एकदा वर पाहिलं, काहीतरी बोलणार होता, दादाकडे नजर गेली आणि पुन्हा खाली मान घालून तो फिरवत राहिला. कुणाची चकती शून्यावर यायला इतका वेळ लागलेला धाकटीने कधी पाहिला नव्हता.

मग तिला कळलं. ही काही दादाच्या पहिल्या नंबराच्या दिवसांतली चकती नव्हती. मधलं दिसेनासं झाल्यावर दादा कडेने बघत नेम धरत होता, गोळी बाजूला गेली की एक खाच फिरवत होता, पुन्हा गेली की पुन्हा. हात लावू नको म्हणाला तो यासाठी. तिने स्क्रू धरला असता तर चकती किती सरकलीय ते दिसलं असतं आणि तिला सगळं समजलं असतं.

तिला राग आला. चांगलाच आला. एक शब्द बोलला असता तर रायफल घरी राहिली असती. पण राग धरायलाही अंगात काहीतरी लागतं, आणि तिच्याकडे आज ते नव्हतं. ती नुसती उभी राहिली.

बाहेर पडताना दादाच बोलला.

"बेकरीवाला तुला फिरव म्हणाला. मी ऐकलं मागून. का नाही फिरवलीस?"

"मला वाटलं, माझंच चुकतंय."

दादाच्या शर्टाची बटणं अजून चुकलेलीच होती. त्याने ती चाचपली, वरून खाली, आणि एकेक करून सोडून पुन्हा नीट लावली.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "रायफलच चुकतेय."

पेटी नसलेले त्याचे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. दाराशी येऊन तो थबकला. बाहेर ऊन होतं.

"पायरी आहे ना गं इथे?" त्याने विचारलं.

"आहे," ती म्हणाली, आणि त्याने हात पुढे केला.