सासनकाठी आन् माझा उजवा खांदा

कोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. गावात सासनकाठी उचलायची पाळी भावकीभावकीनं फिरती, आन् आवंदा ती आमच्या भावकीवर आली. चैतातल्या जत्रंला तीस फुटी कळक कमरंच्या पट्ट्यात रोवायचा आन् पारापासनं देवळापातूर नाचवत न्यायचा. घरात माझं नाव ठरलं. त्या दिवसापासनं माझ्या चुलतभावाचं त्वांड कारल्यागत.

आन् मी काय केलं? जत्रंला चार म्हैनं ऱ्हायलं असताना ट्रॉलीत उसाची मोळी फेकली. एका हातानं! तोडकरी हसावंत म्हनून त्यांच्याच मुकादमाचा आवाज काढला, "उचल की रं, जेवला न्हाईस व्हय?" मोळी गेली वर, आन् खांद्यात कायतरी कट्‌दिशी झालं. मुकादम माझ्या घशातच मेला.

दुसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना. शर्ट घालाय आई लागायची. चुलतभाऊ दारात हुबा ऱ्हाऊन इचारायचा, "काय गड्या, हात हाय का सायकलचं हँडल?"

तालमीतले वस्ताद म्हनाले, "दुखतंय? मग ब्येस. दुखलं म्हंजी अंग धरतंय." आन् तेल लावून असा रगडला की मला दिवसा चांदन्या दिसल्या. माझ्या नकलांत वस्ताद एक नंबर. त्यांचा आवाज माझ्या तोंडात कायम, म्हनून त्यांचं बोलनं डोक्यात बी लगीच शिरतं. तीच भानगड.

आत्या सांगलीला लागूनच माधवनगरला ऱ्हाती, तवा आप्पांनी मला उचलून सांगलीला नेलं. आप्पा, म्हंजी माझं वडील, फौजेतनं हवालदार म्हनून रिटायर झालेलं. प्रश्न बी 'सावधान' म्हनल्यागत इचारत्यात. "डॉक्टर! ऑपरेशन?"

डॉक्टर फोटो बघत म्हनाले, "नको. स्नायूची दोरी थोडी चिरलीय, तुटलेली नाही. व्यायामानं सुधारते बऱ्याच जणांची. तीन महिने मन लावून करा, मग बघू."

आप्पा म्हनाले, "मन लावून? ह्यानं?"

व्यायाम शिकवायला एक मॅडम हुत्या. त्यांनी डब्यातलं लिंबू काढून बशीवर ठिवलं. "खांदा असा असतो. बशी उथळ, लिंबू मोठं. चार बाजूंनी चार लहान स्नायू त्याला मधोमध धरून ठेवतात. हात वर उचलणारा दांडगा स्नायू वेगळाच. हे चार ढिले पडले की दांडगा लिंबाला वर ढकलतो आणि वरच्या हाडाखाली चिमटा बसतो."

मी खुर्चीतनं उडालोच. "मॅडम, ही तर सासनकाठी!"

"म्हणजे?"

"आवं, काठी एकजन नाचवतो, पन वरनं चार दोऱ्या चौघांनी तानून धरलेल्या असत्यात. दोऱ्या ढिल्या पडल्या, तर काठी धरनारा पैलवान का असंना, काठी जाती जिलेबीवाल्याच्या पालावर!"

मॅडम हसल्या. "मग आधी तुमच्या दोरीवाल्यांना कामाला लावू."

लय भारी वाटलं राव! माझ्या खांद्यात आख्खी जत्रा हाय, हे मला ठावंच नव्हतं.

पन व्यायाम बघून हसू आलं. डावा हात टेबलावर टेकायचा, वाकायचं, उजवा लोंबता सोडून बारीक गोल फिरवायचा. मग काखेत टॉवेलची गुंडाळी धरायची, कोपर कमरंला चिकटवायचं आन् एक पिवळं रबर बाहेर वढायचं. रबर कसलं? आत्याच्या वेनीचं त्याच्यापरास घट्ट! तरी केलं. तीन आठवड्यांत भिंतीवरनं बोटं चढवत चढवत कपाळापातूर आलो. आत्याच्या कॅलेंडरवरचा देव हाताला लागला!

आन् तितंच मी चेकाळलो. गावाकडं आल्यावर म्हनलं, पिवळ्या रबरानं एवढं, तर ट्रॅक्टरच्या ट्यूबनं केवढं? जुन्या ट्यूबची पट्टी कापली, खिडकीला बांधली आन् वढली. दुखाय लागलं, तवा वस्तादांच्या आवाजात सोतालाच म्हनलं, "अंग धरतंय, अंग धरतंय!"

अंगानं काय धरलं न्हाई. सकाळी हात परत हँडल. चुलतभावानं दारातनं बघितलं आन् सोतासाठी कमरंचा पट्टा शिवायला टाकला. म्हंजी काठीला माझ्या जागी त्योच! मी ट्यूबची पट्टी घिऊन तसाच सांगलीला पळालो.

मॅडमनी ट्यूबची पट्टी दोन बोटांत धरली. "हे कुणाचं? बैलाचं?"

"ट्रॅक्टरचं, मॅडम."

"एवढ्या जड वजनाला दांडगाच ओढतो. दोरीवाले बसतात बघत. चिरलेल्या दोरीला रोज थोडं, सोसेल एवढंच काम द्यायचं. दुखणं वाढलं की तिथं थांबायचं. थांबणं हासुद्धा व्यायामच आहे."

दोन आठवडं वाया गेलं. मग परत लोंबता हात, टॉवेल, पिवळं रबर, मग त्याच्यापरास घट्ट हिरवं रबर. रोज. जत्रंच्या आधी मॅडम म्हनाल्या, "न्या काठी. पण कोपर अंगाशी, आणि चिमटा बसला की पुढचं पाऊल नाही."

जत्रंदिवशी हलगी कडाडली, काठी कमरंला लागली, चार दोऱ्या तानल्या, आन् मी नाचलो! गुलालात, घामात, पिठाच्या गिरनीपातूर नाचलो! कोपर अंगाशी, खांदा गप. देऊळ इस पावलांवर, आन् तितं बारीक चिमटा बसला.

वस्ताद समूरच हुबं. "चल रं! दुखलं म्हंजी..."

मी थांबलो. आन् त्यांच्याच आवाजात वरडलो, "घे रं गड्या, फुडली इस पावलं तुझी!"

चुलतभाऊ आधी वस्तादांकडं बघाय लागला, मग माझ्याकडं. त्यानं नवा पट्टा बांधलेलाच हुता, मेल्यानं! काठी घेतली, आन् कारलं एकदम हसलं.

मी मूठभर गुलाल घेऊन फुडं पळालो आन् उधळला. उजव्या हातानं. दंड कानाला लागला! सरळ, डोक्याच्या वर, दुखल्याबिगर! ओट्यावरनं आई वरडली, "आवं, बघा की! हात! हात!" आप्पांनी, काय सांगू, मला सॅल्यूट ठोकला.

गर्दी देवळात शिरल्यावर वस्ताद हळूच जवळ आले. डाव्या हातानं सोताचा उजवा खांदा चोळत, इकडंतिकडं बघत म्हनाले, "ते पिवळं रबर... दाव की जरा मला."