देवबाग ते आंबोली, आणि त्याही पलीकडचा प्लूटो

सुशीचं पत्र आलं त्याच दिवशी मी ठरवलं, जायचं आणि तिला घेऊन यायचं. माझी ही थोरली बेळगावात मामाकडे राहून कॉलेजात शिकते. रविवारी वेंगुर्ल्याचे पाहुणे तिला बघायला येणार, आणि ही लिहिते की सुट्टीत कॉलेजबरोबर आंबोलीला जाते. आमचे हे मालाचा मचवा, म्हणजे शिडाची मोठी होडी, घेऊन मुंबईला गेलेले. विचारायचं कुणाला? शुक्रवारी निघाले.

आंबोलीला जायचं तर उजाडताच होडी धरा. खाडीपलीकडे कुडाळची एसटी मिळते, पण तिच्या वेळेवर विसंबू नका. मी तासभर दगडावर बसले. सावंतवाडीला गाडी बदलावी लागते. स्टँडजवळची उसळ बरी आहे, चहा पाणचट. दाणोलीनंतर घाट लागला की खिडकीशी बसू नका. मी बसले आणि खाली बघितलं. वादळात होडीत बसलेली बाई मी, पण पुढच्या बाकाचा दांडा सोडवेना.

कंडक्टर म्हणाला, "मावशे, दांडो सोड, तो एसटीचो आसा."

"तू गाडी वर पोचव, मगे सोडतंय."

आंबोलीत चौकशी केली तर कॉलेजवाले शाळेच्या पडवीत होते. गेले आणि थबकलेच. वीसेक पोरगे खाली बसलेले आणि त्यांच्यासमोर हातात छडी घेऊन माझी सुशी उभी. घरी कुणी परकं आलं तर ही चुलीमागून हलत नाही.

"आये, तू हय कशी?"

"तुका न्हेऊक. कापडा भर. आयतवारी पावणे येतत."

तिचा चेहरा उतरला. पण म्हणाली, "एवढा सांगान होवंदे, मगे येतंय."

बसले. तिने आकाशाचे दोन फोटो दाखवले. काही दिवसांच्या अंतराने काढलेले, सगळे ठिपके जिथल्या तिथे, एकच सरकलेला. तो प्लूटो. अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने, कॉलेजात जाण्याआधी, असे फोटो जोडीजोडीने तपासून तो शोधला म्हणे. सूर्याभोवती त्याचा एक फेरा व्हायला अडीचशे वर्षं लागतात. मी शनीच्या पुढे कधी गेले नव्हते. माझं डोकं गरगरलं.

मग त्यांचे प्राध्यापक उठले. म्हणाले, "मोठ्या दुर्बिणीतूनही हा नुसता ठिपकाच दिसतो. तरी तो स्वतःभोवती सहा दिवस आणि काही तासांत फिरतो, हे शोधून काढलंय. कसं कळलं असेल?"

पोरगे वह्या चाळायला लागले. मला असं ताटकळणं सोसत नाही. चारची गाडी गाठायची होती.

"उजेड कमी-जास्त होता असतलो," मी म्हटलं. "आमच्या हयसून दर्यातल्या खडकावरचो दिवो दिसता. माणूस दिसना, खांब दिसना. पण किती वेळान चमाकता ता मोजला की कळता, खंयचो दिवो तो."

"पण आई, प्लूटोला स्वतःचा दिवा नाही. सूर्याचाच उजेड," सुशी सगळ्यांसमोर पुस्तकी भाषेत म्हणाली.

"मगे एक बाजू मळकी असतली. ती फिरान हयसर इली की उजेड कमी."

प्राध्यापक माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "शास्त्रज्ञांचंही तेच म्हणणं आहे."

पोरगे वळून बघायला लागले. मी पदर सारखा केला. एवढ्या लांबचं काहीतरी मला, दुसरीत शाळा सुटलेल्या बाईला, कळलं कसं?

सुशी आत गेली आणि ट्रंक भरून आली. दिला शब्द पाळते. "चल," म्हणाली. डोळे लाल. गाडीचा भोंगा ऐकू आला. मी ट्रंकेवर हात ठेवला.

"ऱ्हवांदे हयच. सुट्टी संपली की मामाकडे जा."

ती ट्रंक उचलून आत गेली. मी गाडीत जाऊन बसले, ह्यावेळी खिडकीपासून लांब.

रविवारी पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, "चेडू खंय आसा?"

"आंबोलीक. शिकता."

"आणि लगनाचा?"

"तिका इचारान सांगतंय."

बोलून गेले आणि मीच दचकले. माझ्या लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईलाही नसेल. पाहुणे पोह्याच्या बशा तशाच ठेवून उठले.

तुम्ही आंबोलीला जा, बघण्यासारखी जागा आहे. मी मात्र आता मचव्याची वाट बघते आहे. हे आले की आधी प्लूटोचं सांगेन. दिवे मोजून किनारा ओळखणारा माणूस, त्यांना ते पटकन कळेल. पाहुण्यांचं मग.