जंगलातल्या चिंचा कुणी लावल्या

चाकूरच्या स्टँडवर अप्पांनी माझी लोखंडी पेटी स्वतःच गाडीत चढवली. ती सीटखाली सरकवताना कंडक्टरला तीनदा सांगितलं, "पोरगी एकटी हाय, नांदेडला नीट उतरवा." नांदेडहून भोकर, हिमायतनगर, मग किनवट तालुक्यातलं इस्लापूर, आणि तिथून पुढे जीपनं सागाच्या जंगलाला चिकटलेला पंचवीस-तीस घरांचा गोंडांचा गुडा. तिथल्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. गाडी हलायच्या आधी अप्पा खिडकीपाशी आले. "महानंदा, नव्या गावात आधी पाणी मागावं. पाणी देणारं माणूस मागनं समदं देते." शिवा, तू तोवर निघून गेला होतास. बहिणीसमोर रडू दिसू नये म्हणून, हे अव्वानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

बारा वर्षं झाली त्याला. मधे तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी त्याचं खरं उत्तर दिलं नाही. ते आज लिहिते. तू वाच, अव्वाला वाचून दाखव. आपल्या गल्लीतून पुण्याला, हैदराबादला गेलेल्यांपैकी कुणाला वाचावंसं वाटलं तर त्यांनाही दे.

मी पाणी मागितलं. पहिल्याच घरातल्या बाईनं तांब्या दिला आणि म्हणाली, "येर." येर म्हणजे पाणी, गोंडीतला माझा पहिला शब्द. पण बाकीचे शब्द काही लवकर आले नाहीत. आपल्याकडे काळ्या रानात उभं राहिलं तर पुढच्या गावाच्या देवळाचा कळस दिसतो. इथं पन्नास पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. रविवारी दिवसभर कुणाशी बोलणं व्हायचं नाही. सोमवारी हजेरी घेताना माझाच आवाज मला घोगरा लागायचा.

वर्गातली लेकरंही गप्प. त्यांची गोंडी मला येत नव्हती, माझं मराठी त्यांना पुस्तकासारखं वाटायचं. 'आपला परिसर'चा धडा काढला तर त्यात बगीचा, पोस्ट ऑफिस आणि रस्त्यावरचा दिवा. सगळे माझ्याकडे नुसते बघत राहिले. तेवढ्यात वाऱ्यानं एक पान आत आलं. मी सहज विचारलं, "हे कशाचं रे?" अख्खा वर्ग हसायला लागला. "बाई, तुमाला तेंदू म्हाईत न्हाई?"

तेव्हापासून शनिवारची शाळा जंगलात भरू लागली. आम्ही एक वही केली. झाडाचं मराठी नाव, गोंडी नाव, त्याचं काय करतात, हे कुणी सांगितलं. मोहाच्या खोडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे मला त्यांनी दाखवले. बिब्ब्याच्या तेलानं माझ्या हाताला फोड आले, तेव्हा काय लावायचं ते दुसरीतल्या पोरीनं सांगितलं. मी शिकवत होते असं म्हणवत नाही. त्यांना बोलायला कुणीतरी अडाणी माणूस हवं होतं, ते मिळालं होतं.

सहाव्या वर्षी आम्ही नाल्यापलीकडे, कधी न गेलेल्या बाजूला गेलो. दाट सागातून एकदम मोकळी जागा लागली. तिथं चिंचेची म्हातारी झाडं होती, जवळपास एका ओळीत. त्या दिवशी पहिल्यांदा मला काहीतरी माहीत होतं जे लेकरांना नव्हतं.

"जंगलात चिंच अशी ओळीनं उगवत नाही," मी म्हणाले. "ही कुणीतरी लावली. इथं माणसं राहत होती."

पोरं पाचोळा उपसायला लागली. चुलीचे काळे दगड निघाले, एक फुटकं उखळ निघालं. चौथीतली जंगू ओरडली, "बाई, जातं!" जात्याची खालची तळी होती. वरची कुठंच सापडली नाही.

गुड्यात विचारलं तर मोठी माणसं विषय बदलत. शेवटी जंगूनं वहीतलं चित्र तिच्या आजाला दाखवलं. लच्चू आजा ऐंशीच्या घरातला. जन्मभर जंगलखात्याच्या कूपात, तोडणीच्या पट्ट्यात, साग तोडलेला माणूस, पण त्या बाजूला कधीच गेलेला नव्हता. त्यानं मला बोलावून घेतलं.

"तळी खालची व्हती का वरची?"

"खालची."

त्यानं दाराकडे हात केला. रांजणाखाली जात्याची वरची तळी ठेवलेली होती. "जोडी हाय तिची," तो म्हणाला.

मग सांगितलं. पटकी आली होती. रोज दोन-तीन माणसं जायची. उरलेली एका सकाळी निघाली. मागं बघायचं नाही, गावाचं नाव घ्यायचं नाही, नाहीतर रोग पाठीमागं येतो, असं ठरलेलं. "बानं मागं बगितलं न्हाई. मी त्याच्या खांद्यावर व्हतो, चार वरसाचा. म्या बगितलं. चिंचेला शेळी बांधलेली व्हती. वरडून राहिली व्हती. कुनी सोडलीच न्हाई तिला." मग तो म्हणाला, "मला एकदा न्या तिथं, बाई."

आम्ही मंगळवारी पहाटेच निघालो. दोन तासांची वाट त्याच्यासोबत चार तासांची झाली. तिथं पोचल्यावर त्यानं चपला काढल्या. मग एकेका चिंचेला हात लावून नावं सांगत गेला. ही भीमाबाईची. ही आमची. ही सोनूची, त्याला बासरी यायची. लेकरं मांडीवर वह्या घेऊन लिहीत होती. कुणी हसलं नाही, कुणी भांडलं नाही. लच्चू आजाचा हात मी धरला होता.

परत आले तेव्हा चार वाजले होते. शाळेमागच्या टेकाडावरच तेवढी रेंज यायची. तिथं गेल्यावर फोन वाजत सुटला. तुझे अकरा मिस्ड कॉल, शिवा.

अप्पांना सकाळी दुकानातच छातीत कळ आली होती. मी दुसऱ्या दिवशी चाकूरला पोचले. माती आदल्या दिवशीच झालेली, मी उलटा फोन करायच्या आधी. थांबणार तरी कुणासाठी, मी येतेय की नाही हेच तुम्हाला कळत नव्हतं. शेतात, बांधाजवळ, ओल्या मातीपाशी उभी राहिले तेव्हा तू विचारलंस, "कुठं होतीस, अक्का?" मी म्हणाले, "शाळेत." अव्वानं सांगितलं, अप्पा दोनदा विचारत होते, महानंदा निघाली का.

शिवा, मी जंगलात होते. दुसऱ्या कुणाच्या तरी म्हाताऱ्याला त्याच्या घरी घेऊन गेले होते, आणि आपल्या घरी नव्हते. याचा हिशेब कसा लावायचा ते मला अजून कळलेलं नाही. मला त्या मंगळवाराचा पश्चात्ताप होत नाही, आणि होत नाही याची लाज वाटते. दोन्ही खरं आहे.

तू म्हणालास म्हणून बदलीचा अर्ज भरला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमत होतं, तर मीच मागे घेतला. त्यात त्यागबिग काही नाही. चाकूरला आले की तू माझी पिशवी पाहुण्यांच्या खोलीत ठेवतोस. तुझी सुनीता मला "अजून घ्या ना भाजी" म्हणते, पाहुण्याला म्हणतात तसं. चांगल्या मनानं म्हणते. पण मी त्या घरात डबे कुठं ठेवलेत हे विसरले आहे. तिथं मी 'किनवटकडची अक्का' आणि इथं, चाकूर कुणाला माहीत नाही म्हणून, अजून 'लातूरच्या बाई'. लग्नाचं जमता जमता राहून गेलं. संध्याकाळी एक भाकरी थापायची, तर कधी तेवढीही थापत नाही.

लच्चू आजा जाऊन आला आणि कुणाला काही झालं नाही, म्हणून गुड्याची भीड चेपली. पुढच्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी सगळे जुन्या गावी गेले. देवाचे दगड धुतले, तिथंच रांधलं. आणि जेवायला प्रत्येक घर आपापल्या चिंचेखाली बसलं. लेकरांच्या वहीतून बघून, नावं वाचून.

मी डबा हातात घेऊन मधेच उभी. कुणाच्या पंगतीत शिरावं कळेना. जंगूच्या आईनं हाक मारली, पण लच्चू आजानं तिला हातानं थांबवलं आणि कडेच्या एका झाडाकडे बोट केलं.

"त्या घरचं कुनीच वाचलं न्हाई. झाड रिकामं हाय. तुमी बसा तिथं, बाई."

मी जाऊन बसले. चपात्या कोरड्या झाल्या होत्या, त्या खाल्ल्या.

आता दर वर्षी मी तिथंच बसते, एकटीच. लच्चू आजा गेल्या वर्षी गेला. जंगू दहावीला आहे. जेवण उरकलं की लहान पोरं माझ्याकडे पळत येतात आणि विचारतात, "बाई, तुमच्या झाडाला औंदा चिंचा हायती का?"

मी मान वर करते आणि बघून सांगते.