पाचाचं घर

अश्वजित नगराळे सर सायकलवरून पडले, की हिंगणीत कोणी ‘लागलं काय?’ म्हणून विचारत नसे. ‘आज काय दिसलं?’ असं विचारत. सरांना वाटेत आकार दिसायचे. कोळ्याच्या जाळ्यात अष्टकोन दिसे, छपरावरच्या कवेलूंच्या सावलीत समांतर रेषा दिसत, आणि एकदा दिसल्या की हँडल कुठे नि चाक कुठे, याचं भान राहत नसे. चैत्रात काळी माती भेगाळते. त्या भेगांनी पडलेले पाचकोनी, सहाकोनी तुकडे मोजत ते एकदा कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, दुपारभर बसले होते. डबा बाजूलाच होता, तो मुंग्यांनी संपवला.

माणूस लाखात एक. फक्त तो पुरता इथे नसे, एवढीच काय ती खोट. पण शिकवणाऱ्या माणसाची ही खोट कोणाला तरी महागात पडतेच.

सत्त्याण्णव सालचा हिवाळा होता. सातवीला बहुभुजाकृती चालू होत्या. त्रिकोण, चौकोन सर उरकून टाकत. त्यांचा जीव षटकोनावर. मधमाशीला कोणी शाळेत घातलं नाही, तरी ती सहाच कोपरे करते, असं सांगताना त्यांचा आवाज लेकराला निजवावं तसा मऊ होई. दुपारच्या सुट्टीत खुर्चीत बसल्या बसल्या, उघड्या डोळ्यांनी, ते एकच स्वप्न बघत. शाळेच्या मैदानात बांबूच्या कामट्यांचा घुमट उभा आहे, नुसत्या षटकोनांचा, आणि त्याच्या आत सगळा वर्ग बसलाय. वरून ऊन येतंय आणि चाळीस डोक्यांवर सहाकोनी कवडसे हळूहळू सरकतायत. सेलूच्या विज्ञान प्रदर्शनात हा घुमट मांडायचा, असं त्यांनी मुलांना सांगूनही टाकलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी गृहपाठ दिला. पानभर षटकोन काढा, एकाला एक लागून, मधे फट नको. घरातली एखादी वस्तू बघून काढलं तर फारच छान.

मयुरी हा गृहपाठ फार मन लावून करून आली. एरवी गणितात तिची गाडी पाढ्यांवरच अडायची, म्हणून ही वही तिने आपणहून सगळ्यांच्या वर ठेवली. पान भरलेलं होतं, पण षटकोनांच्या मधे सहा ठिकाणी पंचकोन शिरले होते, आणि कडेचे षटकोन चेपल्यासारखे झाले होते. सरांनी सहाही पंचकोनांवर लाल फुल्या मारल्या. तेवढ्यावर थांबते तर बरं होतं. त्यांनी वही वर धरून वर्गाला दाखवली आणि सहा पायांच्या कळपात ही पाच पायांची लंगडी जनावरं कुठून आली, असं विचारलं. वर्ग खो खो हसला. सरही हसले, आणि पुढच्या क्षणी विसरले. पोरांनी मात्र मयुरीचं नाव ‘लंगडी’ ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. हजेरीत चौदावा नंबर तिचा. सर नाव घेत, उत्तर येत नसे, आणि सर पंधराव्यावर जात. असे बावीस दिवस गेले. शेवटी मुख्याध्यापक सदाशिवरावांनी बजावलं, की महिनाअखेरपर्यंत मुलगी आली नाही तर पटावरून नाव कमी करावं लागेल. सरांनी मान हलवली. त्यांच्या डोक्यात घुमट होता, आणि तो काही केल्या उठत नव्हता.

याच दिवसांत तीन रविवार त्यांनी पोरांना घेऊन कामट्या विणल्या. षटकोन कसे अगदी पुस्तकातल्यासारखे येत होते. पण सगळं मिळून जे होई ती चटई. मधून उचलली की कडा मोडत, सोडली की पुन्हा जमिनीवर सपाट. पोरं म्हणाली, सर, यावर झोपता येईल. म्हणून चौथ्या रविवारी सर सायकल काढून धुरपताबाईकडे गेले. बाई बांबूचं काम करायची. टोपल्या, सुपं, कोंबड्या झाकायची मोठी डाली, सगळं तिच्या हातचं.

अंगणात बाई कामट्या सोलत होती. तिच्या शेजारी मयुरी डालं विणत बसली होती. सरांना बघून तिचे हात थांबले, मान खाली गेली. तेव्हा कुठे सरांना आठवलं, की ही पोर या बाईची. बावीस दिवस त्यांनी जो नंबर ओलांडला होता, तो इथे बसला होता.

आल्यासारखं त्यांनी घुमटाचं विचारलं. बाई म्हणाली, ‘‘सहाची चटई होते, गुरुजी. उभं करायचं असन तं सहा जागी पाचाचं घर घ्या लागते. एक कामटी सोडून द्यायची. मंग ते आपोआपच उठते.’’ आणि तिने मयुरीच्या पुढ्यातलं डालं पालथं करून दाखवलं. वरच्या गोलावर, षटकोनांच्या मधे, सहा पंचकोन होते.

सरांना ऊन लागल्यासारखं झालं. त्यांनी मयुरीकडे तिची वही मागितली. तिने आतून आणली, पण ती आईच्याच हातात दिली. बाईला अक्षर येत नव्हतं. चित्र येत होतं.

‘‘हे तं आपल्या डाल्याचं बूड हाय,’’ ती म्हणाली. मग फुल्यांवर बोट ठेवलं. ‘‘हे लाल काऊन केलं, गुरुजी?’’

‘‘मले येत नव्हतं, बाई. तिले येत होतं.’’

बाईने वही मिटून पोरीकडे दिली. ‘‘पोट्टे तं वर्गात हासले,’’ एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा कामट्या सोलू लागली. चहा केला नाही. ते सरांना योग्यच वाटलं. त्या दिवशी सर सायकल हातात धरून पायीच घरी गेले आणि वाटेत त्यांना एकही आकार दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू होती. बाराव्या नंबरावर दार अंधारलं. धुरपताबाई डोक्यावर डालं घेऊन उभी होती, मागे मयुरी, छातीशी वही. बाई आत आली नाही. ती ऐकायला आली होती.

सरांनी हजेरी मिटली. वही मागून घेतली आणि पूर्वी जिथे उभे होते तिथेच उभं राहून वर धरली. हे चित्र बरोबर होतं, फुल्या चुकीच्या होत्या, आणि बरोबर चित्रावर तुम्हांला हसवलं तेही मीच, असं त्यांनी सांगितलं. मग खडूने फळ्यावर लिहिलं, ‘अश्वजित नगराळे, शून्य’. वर्गात कोणी हसलं नाही.

बाईने डालं उंबऱ्याच्या आत ठेवलं. ‘‘हे राहू द्या शाळेत. कोंबड्याइले दुसरं करतो मी,’’ म्हणाली आणि गेली.

पुढे घुमट झाला. मयुरी सांगे, इथे एक सोडा, आणि सगळे सोडत. सेलूला त्याला नंबर मिळाला नाही, कारण परीक्षकांच्या मते तो गणित नव्हे, हस्तकला होता. सर दोन हजार आठ साली निवृत्त झाले. तोवर कोणाच्याही वहीवर लाल फुली मारण्याआधी ते विचारत, ‘‘हे कसं काढलं, सांग.’’ सायकलवरून पडणं काही थांबलं नाही.

पण त्या सकाळी त्यांनी आधी हजेरी पुन्हा उघडली आणि एक नंबरपासून सुरुवात केली. तेराव्यानंतर ते थांबले. पान बघून नव्हे, पोरीकडे बघून त्यांनी नाव घेतलं.

‘‘हजर,’’ मयुरी म्हणाली.