मोजणीत न धरलेली नात

सुईणबाईंनी अर्ध्या वस्तीची बाळंतपणं केली होती, पण चालायला लागेपर्यंत कुठलंही मूल त्या मोजणीत धरत नसत. त्यांच्या उमेदीच्या काळात घरोघरी सहा-सात पोरं व्हायची आणि त्यातली जेमतेम निम्मी जगायची. त्यांची स्वतःची तिघं गेली, तेव्हा कुठे ही एक लेक वाचली.

त्या दुपारी जनगणनेची बाई दारात आली. "नातवंडं किती?" तिनं विचारलं.

"अजून एकही नाही," सुईणबाई म्हणाल्या. आठ महिन्यांची नात त्यांच्याच मांडीवर झोपली होती.

लेक आतून तणतणत आली. "एक लिहा हो ताई. आणि आई, मांडीवर काय उशी घेऊन बसलीयेस?"

जनगणनेची बाई हसत पुढच्या घरी गेली. लेक तिथेच चटईवर आडवी झाली.

"आणखी एक होऊ दे गं," सुईणबाई हळूच म्हणाल्या. "एकीवर कसं भागेल?"

"आता पोरं जगतात, आई. डोस पाजायला तूच नेतेस ना सगळ्यांची? मग सारखा जीव टांगणीला कशाला लावतेस?"

खरंच होतं ते. वस्तीत कित्येक वर्षांत एकही तान्हं दगावलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण लेकीचा डोळा लागल्यावर त्यांनी नातीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास उबदार लागला. तरी धाकधूक जाईना. मग त्या वाकल्या आणि तेच बोट झोपलेल्या लेकीच्या नाकाशी धरलं.