वोल्वाच्या हातात घागर

माझी लेक त्या उन्हाळ्यात एकाच बाईची चित्रं काढत होती. ती बाई ना आपल्याकडची, ना आम्ही राहतो त्या जपानची. उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधली ती भविष्य सांगणारी, वोल्वा. अंगावर निळा झगा, डोक्यावर काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी, हातात पितळी मुठीची काठी आणि मांजराच्या कातड्याचे हातमोजे. हातमोजे कशाचे ते कळल्यावर मी "शी" म्हणाले, तर लेक म्हणाली, "आई, तुला चित्रातलं नेमकं तेवढंच दिसतं." पण मला तेवढंच दिसलं नव्हतं. ती बाई एका उंच आसनावर बसून खाली बघत होती आणि तिचा चेहरा फार थकलेला होता. सतरा वर्षांच्या मुलीने असले थकलेले चेहरे का काढावेत, हे मला कळत नव्हतं.

अशी चित्रं काढणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, हे मला तिच्यामुळेच कळलं. कुठल्या कुठल्या गेममधून, मालिकांमधून ही मंडळी वोल्वा उचलतात आणि आपापल्या परीने रंगवतात. बहुतेकांच्या वोल्वा तरुण, देखण्या, डोळ्यांतून निळा उजेड सांडणाऱ्या आणि इतक्या थंड मुलखात राहूनही कपड्यांची टंचाई असलेल्या. माझ्या लेकीला त्यांचा राग. तिची वोल्वा म्हातारी, नाक थंडीने लाल, पायात केसाळ बूट. ऑगस्टमध्ये समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉलमध्ये अशा हौशी चित्रकारांचा बाजार भरला, तिथे तिने एक टेबल घेतलं होतं. मी मागे डबा घेऊन बसले. जपानी मुली यायच्या, चित्राला हात न लावता वाकून बघायच्या आणि हळू आवाजात कौतुक करून जायच्या. एकीने विचारलं, हिचा चेहरा असा का? लेक म्हणाली, हिला सगळं माहीत आहे म्हणून.

मार्चमध्ये लेक स्टेशनच्या जिन्यावरून पडली होती. संध्याकाळची वेळ, शेवटची पायरी दिसली नाही म्हणे. त्याआधी आमच्या इमारतीखाली लावलेल्या सायकलींवर दोनदा आपटली होती. आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. इथे हिगाशी-कसाईत आमच्या घराजवळच डोळ्यांचा दवाखाना आहे, त्यांनी तपासलं आणि मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. नवऱ्याच्या तोयोसूच्या ऑफिसात नेमकं त्या आठवड्यात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून आम्ही दोघीच गेलो.

तिथे सकाळभर तिला अंधाऱ्या खोल्यांमधून फिरवलं, या यंत्रात हनुवटी टेकव, त्या यंत्रात बघ. मग डॉक्टरांनी आत बोलावलं. बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांनी टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवून विचारलं, दुभाषी जोडून देऊ का? मी हसून नको म्हटलं आणि लेकीकडे बोट दाखवलं. ती पाच वर्षांची असल्यापासून इथे आहे. वॉर्ड ऑफिस, गॅसवाला, घरमालक, सगळ्यांशी तीच बोलते. माझं जपानी दुकानापुरतं आणि कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा तेवढ्यापुरतं. इथल्या आपल्या बहुतेक घरांत हे असंच चालतं आणि आम्हा आयांना त्याचा वर अभिमान असतो. डॉक्टर थोडे थांबले, तिच्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि मग बोलायला लागले.

बराच वेळ बोलले. लेक हात गुडघ्यांवर ठेवून "हाइ, हाइ" असं जपानी हो-हो करत ऐकत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डोळ्याच्या पडद्याचा थोडा प्रॉब्लेम आहे. अंधारात कमी दिसणार. पण आहे तिथेच राहील, वाढणार नाही. वर्षातून एकदा चेक करायचं."

"एवढं बोलले आणि एवढंच?"

"जपानीत असंच असतं, आई. पोलाइटली सांगायला वेळ लागतो."

हे मला पटलं. इथे दुकानात पिशवी हवी का हे विचारायलासुद्धा माणसं चार वाक्यं खर्च करतात. मी उठून डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, चांगलं हसून केला. डॉक्टर हसले नाहीत. तोही मला त्यांचा स्वभाव वाटला. येताना आम्ही स्टेशनवर आईस्क्रीम खाल्लं आणि संध्याकाळी नवऱ्याला मी सांगितलं की काही विशेष नाही.

त्यानंतर ती वेड्यासारखी चित्रं काढायला लागली. शाळेतून आली की टॅबलेट, जेवताना टॅबलेट. वोल्वाच्या टोपीचा एकेक केस ती चित्र मोठं मोठं करून काढायची. मी ओरडायचे, आधीच डोळ्यांचं हे असं, त्यात किती ताण देशील? ती म्हणायची, "आत्ताच काढायचंय." मोठी होत चाललेली मुलगी, मला वाटायचं परीक्षा जवळ येताहेत म्हणून घाई असेल.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी मी भाजी निवडत होते आणि ती शेजारी बसून काढत होती. आपणहून बोलायला लागली. एरवी मी मराठीत विचारायचं आणि तिने एखाद्या जपानी शब्दात उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. त्या दिवशी मात्र मराठीत बोलत होती. त्यांच्या मुख्य देवाला म्हणे एकच डोळा. शहाणपण हवं म्हणून दुसरा त्याने स्वतःहून देऊन टाकलेला. त्याच्या मुलाला वाईट स्वप्नं पडायला लागली तेव्हा तो एका मेलेल्या वोल्वाच्या थडग्यापाशी गेला, तिला उठवलं आणि मुलाचं काय होणार ते विचारलं. तिला बोलायचंच नव्हतं. त्याने फार आग्रह केला म्हणून तिने सांगितलं की मुलगा जाणार.

"मग उपाय काय सांगितला?" मी विचारलं.

"उपाय म्हणजे?"

"म्हणजे मुलगा वाचावा म्हणून काय करायचं ते."

"काहीच नाही. तिथे उपाय नसतो. फक्त काय होणार ते सांगतात."

"मग विचारायचं तरी कशाला?"

ती थोडा वेळ रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "मला पण तेच कळत नाही."

मी म्हटलं, आपली देवी बरी त्यापेक्षा. आणि तिला घागरी फुंकण्याबद्दल सांगितलं. नवरात्रातल्या अष्टमीला उकडीचा मुखवटा करून महालक्ष्मी उभी करतात, रात्री बायका तिच्यासमोर घागरी फुंकतात, फुंकता फुंकता एखादीच्या अंगात देवी येते आणि मग सगळ्या तिला प्रश्न विचारतात. लेकीचे हात थांबले. वोल्वाचंही असंच असतं म्हणाली. बायका भोवती रिंगण करून गाणं म्हणतात, मग तिला पुढचं दिसायला लागतं. "आणि तुमची देवी काय सांगते?" मी म्हटलं, "देवी होईल म्हणते. ओटी भर, कुलदेवीला जाऊन ये, होईल." तिने मला दोनदा विचारलं, नेहमी होईलच म्हणते का? मी म्हटलं, माझ्या ऐकण्यात तरी नेहमीच. यंदा इथल्या बायका घागरी फुंकणार होत्याच. मी येते, मला स्केच करायचंय, असं ती म्हणाली आणि मला इतका आनंद झाला की मी भाजी करपवली.

इथे अष्टमी शनिवारी येते, पंचांगात काही का असेना. शेजारच्या इमारतीतली मीटिंगची खोली आम्ही घेतली होती. भिंतीवर नियम लावलेले, विस्तव पेटवायचा नाही, म्हणून निरांजनं सेलवरची आणि घागरीत धुरी नाही. उकडीसाठी जिने पीठ आणलं तिने मोची या जपानी मिठाईचं चिकट पीठ आणलं होतं, त्यामुळे देवीचे गाल हळूहळू ओघळायला लागले आणि नाकाला दर थोड्या वेळाने कुणीतरी वर ढकलत होतं. लेक कोपऱ्यात टॅबलेट घेऊन बसली होती, देवीच्या नाकाकडे बघून तोंडावर हात धरून हसत होती. कित्येक दिवसांनी हसत होती.

आम्ही घागरी फुंकायला लागलो. माझी घागर तांब्याची, पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेली. थोड्या वेळाने योकोहामाहून आलेल्या एकीचे केस सुटले आणि आवाज बदलला. ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. चहात साखर घातली आहे म्हटलं तरी चव घेऊन खात्री करणारी बाई. तिच्याच अंगात यावं याचं सगळ्यांना नवल वाटलं आणि म्हणूनच खरंही वाटलं. बायका पुढे होऊन विचारायला लागल्या. आई, ह्यांचा व्हिसा वाढेल का? होईल. मुलाला पुण्यातल्या कॉलेजात प्रवेश मिळेल का? होईल, माझी ओटी भर. सासूबाईंचं ऑपरेशन? होईल, होईल.

मग माझी लेक उठली. टॅबलेट खाली ठेवून ती त्या बाईसमोर जपानी पद्धतीने गुडघे मुडपून बसली. मी शेजारीच फुंकत होते. घागर तोंडाशी असली की आपलाच आवाज कानात भरून राहतो, बाहेरचं ऐकू येत नाही, असं लोक समजतात. लेकीनेही तसंच समजलं असेल. शिवाय ती जपानीत बोलली, म्हणजे मला कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण इतकी वर्षं इथल्या रांगांमध्ये, गाड्यांमध्ये कानावर पडलेलं जपानी कुठेतरी साठलेलं असतं, आणि त्या दिवशी ते सगळं एकदम उपयोगी पडलं. डोळे, ती म्हणाली. काही वर्षांत अजिबात दिसेनासं होणार. आईला माहीत नाही. आईला कसं सांगू?

सगळ्या बायका पुढच्या "होईल"ची वाट बघत होत्या. ते आलं नाही. त्या बाईचं घुमणं थांबलं. तिने घागर मांडीवर उतरवली, केस मागे सारले आणि माझ्याकडे बघितलं. ते डोळे तिचेच होते, टेस्टिंगवालीचे. कुणीतरी म्हणालं, देवी गेली, चला आरती घ्या. मी फुंकतच राहिले. घागर खाली घेतली असती तर लेकीला माझं तोंड दिसलं असतं.

सोमवारी नवरा सुट्टी टाकून हॉस्पिटलात गेला आणि फोनवर दुभाषी जोडून घेऊन बसला. डॉक्टरांनी सांगितलं, हे सगळं मी मार्चमध्येच सांगितलं होतं. आधी कडा जातात, मग मधलंही जातं. तिचं लवकर जातंय. औषध नाही. आम्ही सगळे रिपोर्ट पुण्यालाही पाठवले, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तेच अधिक गोड शब्दांत सांगितलं. सासूबाई कुलदेवीला जाऊन ओटी भरून आल्या. मी इथे ओटी भरली. जे जे करतात ते सगळं केलं आणि कशाचा काही उपयोग झाला नाही. पुढेही होणार नाही, हे मला माहीत आहे. राग कुणावर काढावा तेही कळत नाही. नवऱ्यावर काढते, तो ऐकून घेतो.

लेकीशी मात्र तिच्यासमोर बसून बोलायला मला बरेच दिवस लागले. एका रविवारी दुपारी ती खिडकीशी काढत बसली होती. या चित्रात वोल्वाच्या हातातली काठी गेली होती आणि तिथे घागर आली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "मार्चमध्ये डॉक्टर जे बोलले ते मला सांग. जसं बोलले तसं."

तिने पेन ठेवलं. कुणी सांगितलं, कधी कळलं, काही विचारलं नाही. हॉस्पिटलात बसली होती तशी हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसली आणि मराठीत सांगायला लागली. डॉक्टर म्हणतात, तुमच्या मुलीला... डॉक्टर म्हणतात, सध्या तरी... एकही वाक्य ती विसरली नव्हती. डॉक्टरांना लागला होता तेवढाच वेळ तिला लागला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "एवढंच."

माझ्या ओठांवर आलं होतं, होईल सगळं नीट. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. मी गिळून टाकलं.

"उपाय विचारू नकोस हं," ती म्हणाली.

"नाही विचारत."

मग ती म्हणाली, घागर आण आणि तोंडाशी धरून उभी राहा, काठावर बोटं कशी वळतात ते जमत नाहीये. मी घागर आणली, पुसली, खिडकीसमोर उभी राहिले. ती टॅबलेटवर वाकली, परत वर बघितलं, डोळे बारीक केले.

"जरा इकडे सरक," ती म्हणाली. "आणि हलू नकोस, आई. उजेड जायला लागलाय."

दुपारचे दोन वाजले होते आणि खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं.