वजीर देणारी चाल

ताई काल गेली. हार्ट अटॅक.
गॅसवर चहा होता, तो तसाच आटला.

नागपूरची कॉम्प्युटरवाली मॅडम म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. मी आमच्या गावची, नागभीडची ताई सांगतो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आमच्या शाळेला सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर मिळाला. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर. सर लोक त्याला हात लावायला घाबरायचे.

बारावीतल्या ताईने त्यावर बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला.

अडचण एकच, स्पीड. सगळ्या चाली तपासायच्या म्हणजे एका चालीला अर्धा तास. म्हणून तिने छाटणी केली. ज्या चालीत मोहरा फुकट जातो, ती चाल मशीनने पुढे बघायचीच नाही. स्वतःची नाही, समोरच्याचीही नाही.

मशीन पळायला लागलं. ताई हवेत.

घरी मात्र वेगळाच विषय चालू होता. तिला कॉलेजसाठी नागपूरला जायचं होतं. रेल्वेत नोकरीला असलेले आमचे बाबा एकच वाक्य बोलायचे, "पोरगी नागपूरले गेली म्हणजे हातातून गेली."

एका रविवारी ती बाबांना शाळेत घेऊन गेली. मशीनशी खेळायला. बाबा स्टेशनवरचे पट्टीचे खेळाडू.

मशीन बरं खेळत होतं. मग बाबांनी शह देत सरळ आपला वजीर मशीनच्या हत्तीच्या तोंडात दिला.

मशीनला तो खावाच लागला. पुढच्याच चालीला बाबांच्या हत्तीने मात.

बाबा खूश. "काऊन वं, तुह्या मशीनले दिसलं नाई?"

"दिसन कसं? कोणी वजीर देईन, हे मीच कापून टाकलं होतं."

"पण द्याव लागते ना कदी कदी!"

ताई बाबांकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, तुमीबी तेच करून राह्यले. पोरगी गेली, एवढं दिसलं का लगेच कापता. त्याच्या पुढं पाहतच नाई."

बाबांचं हसू गेलं. "आन पुढं पाह्यलं, अन् नुकसानच निघालं त?"

"त निघन. पण पाहून त घ्या!"

बाबा उठले. सायकल काढली आणि ड्युटीवर गेले.

जूनमध्ये छोट्या लाईनच्या, नॅरोगेज गाडीत तिची ट्रंक त्यांनीच चढवली. हॉस्टेलला स्वतः सोडून आले.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. तिची नोकरी, तिचे विद्यार्थी, गावातल्या किती मुली तिच्या घरी राहून शिकल्या. बाबा शेवटपर्यंत कौतुकाने सांगायचे.

पण तिला सोडून आले त्या संध्याकाळी त्यांनी पट मांडला आणि मला समोर बसवलं. मी पाच मिनिटांत हरलो.

"तुह्याच्यानं नाई होत बे," म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

आज मला ते डोळे नीट कळतात.

जा ताई. जय भीम.